एल्विसचा गळा आणि एल्विसची गादी

नमस्कार,

इतकी सविस्तर आणि मनापासून चिडलेली प्रतिक्रिया बऱ्याच दिवसांनी आली, आधी त्याबद्दल आभार. 'रॉक अँड रोलचा सम्राट' म्हणवल्या जाणाऱ्या अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीला मी माझ्या लेखात 'गरजेपेक्षा मोठा केलेला गायक' म्हटलं, त्यावर तुमचे आक्षेप तीन: मी त्याला चोर ठरवतोय, १९५६ सालाला आजचे निकष लावतोय, आणि 'एड सलिव्हन शो' या टीव्ही कार्यक्रमात त्याला पाहणारे ६ कोटी अमेरिकन काय मूर्ख होते?

'चोर' हा शब्द माझ्या लेखात नाही. दुसऱ्याचं गाणं गाणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. 'हाउंड डॉग' (म्हणजे शिकारी कुत्रा) घ्या. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं ते १९५२ साली रेकॉर्ड केलं आणि पुढच्या वर्षी ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्यांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत सात आठवडे पहिलं राहिलं. लिहिलं होतं मात्र लायबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी. तेव्हा 'काळ्यांचं गाणं गोऱ्यानं पळवलं' इतकं ते सरळ नाही. माझी तक्रार गाण्याबद्दलच आहे. थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढतेय. गुरगुरते, टोमणे मारते, मजाही घेते. एल्विसनं उचलली ती लास व्हेगासमध्ये ऐकलेली फ्रेडी बेल या गायकाची आवृत्ती. तिच्यात कुत्र्याला न सापडलेला ससा आला आणि बाई गेली. मग हा एवढा ओरडतो कुणावर? (स्टीव्ह ॲलन या सूत्रसंचालकानं १९५६ साली टीव्हीवर त्याला चक्क बॅसेट हाउंड जातीच्या एका कुत्र्यापुढे उभं करून हे गाणं गायला लावलं. शब्दांना न्याय दिला म्हणायचा.)

निकषही आजचे नाहीत. चक बेरी हा काळा रॉक गायक त्याच काळातला. १९५५चं 'मेबलिन' त्यानं स्वतः लिहिलं, स्वतः गायलं, गिटारही त्याचीच. एल्विसचं 'डोंट बी क्रूएल' लिहिलं ओटिस ब्लॅकवेलनं, पण गीतकार म्हणून एल्विसचंही नाव लागलं, कारण सौदाच तसा होता. आणि १९५७ साली 'जेट' मासिकाला खुद्द एल्विसनंच सांगितलं होतं की हे संगीत आपल्या आधीपासून आहे आणि फॅट्स डॉमिनो या काळ्या गायकासारखं आपल्याला गाता येत नाही. सम्राटाच्या गादीचा हट्ट त्याचा नव्हताच, तो आपल्यासारख्या श्रोत्यांचा.

आता त्याचं खरं श्रेय, जे तुमच्या प्रतिक्रियेतही कुठे आलं नाही. जुलै १९५४, मेम्फिस, निर्माता सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ, एल्विसची पहिली रेकॉर्ड. स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा बास, ड्रम नाहीतच. रेकॉर्डच्या एका बाजूला काळ्या आर्थर क्रडपचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्या कंट्री गायक बिल मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी'. मन्रोचा संथ तीन मात्रांचा वॉल्ट्झ या तिघांनी चार मात्रांत असा काही उधळला की मन्रोनंही नंतर ते नव्यानं रेकॉर्ड केलं, सुरुवात जुन्या चालीत आणि पुढे हा वेग. पोरगा तेव्हा १९ वर्षांचा. इथं तो कुणाची नक्कल करत नाही. आवाज हलका, जरासा बेफिकीर, पुढच्या ओळीत काय करेल याचा नेम नाही. हा एल्विस मला मान्य आहे, निमूटपणे. १९६९ साली मेम्फिसलाच रेकॉर्ड केलेला 'सस्पिशस माइंड्स'सुद्धा.

पण मधली वर्षं? त्यानं काम केलेल्या ३१ कथापटांपैकी बहुतेक १९६०च्या दशकातले, आणि त्यांच्यासाठी पाडलेली गाणी. त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याच्या कारभारात गाणं निवडताना चालीइतकंच हेही पाहिलं जाई, की लिहिणारा मानधनातला वाटा सोडायला तयार आहे का. चांगले गीतकार अशानं टिकत नाहीत. 'सम्राट' म्हणताना ही वर्षं हिशेबातून वगळायची, हे मला जमत नाही.

राहिले ते ६ कोटी. मूर्ख मुळीच नव्हते. मीही टीव्हीपुढे बसलोच असतो, देखणा होताच की! पण त्या आकड्यावरून टीव्ही किती घरांत पोचला होता ते कळतं, गायक केवढा होता ते नाही.

पुढचं भांडण करायच्या आधी एक करा. 'ब्लू मून ऑफ केंटकी' आणि त्याच्या चित्रपटातलं १९६५चं 'डू द क्लॅम' लागोपाठ लावा. दुसरं शेवटपर्यंत ऐकवलं, तर जरूर कळवा.