लुआरकाठचा कापलेला फोटो

मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी रेवस-रेड्डी सागरी मार्गाचा व्हिडिओ टाकला. संगणकावर केलेलं चित्र. जयगडच्या खाडीवर लांबच लांब पूल, त्यावरून सुळकन जाणाऱ्या पांढऱ्या गाड्या आणि खाली असं निळंशार पाणी, जे आमच्या खाडीला जन्मात कधी लाभलं नाही. त्याखाली अंगठ्यांची रांग. मी त्याच रविवारी इकडे फ्रान्समध्ये व्हिलाँद्रीहून सायकलने परतले होते. पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि डोकं जरा जास्तच स्वच्छ झालं होतं. लुआर नदीच्या बांधावरचा सकाळचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "असं काही आपल्याकडे का सुचत नाही? तवसाळच्या फेरीबोटीत काय वाईट आहे?"

दहा मिनिटांत आतेभावाचं उत्तर आलं. "तुझ्या तूरगावात नदीवर पूल किती, तेवढे मोजून सांग गो. मग फेरीबोटीवर बोलू."

मी ज्या शहरात राहते त्याचं नाव खरोखरच तूर आहे. पंधरा वर्षांत त्यावर डाळीचे सगळे विनोद होऊन गेलेत. पूल मी मोजले नाहीत. पण मोजायची गरज नव्हती, रोज कामावर जाताना ट्राममध्ये बसून त्यातला एक मीच ओलांडते. त्याचाच राग आला असणार. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी माझी बाजू. लुआर-आ-व्हेलो हा सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे, नव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकच्या काठावरच्या सँ-ब्रेव्हँपर्यंत. माझ्या नेहमीच्या पट्ट्यात तूरहून शेर नदीच्या काठाने निघायचं, व्हिलाँद्रीच्या पुढे लुआर गाठायची, ब्रेहेमाँत कॉफी प्यायची, उस्सेचा किल्ला डावीकडे ठेवायचा आणि काँद-सँ-मार्तँला व्हिएन नदी लुआरला मिळते तिथे डबा उघडायचा. ताकद उरलीच तर सोम्यूर, नाहीतर सरळ तेएर या प्रादेशिक आगगाडीत सायकल टांगून घरी. चढ नाहीत. सत्तरीची जोडपी सायकलला पिशव्या लटकवून आरामात पुढे निघून जातात. वाटेत रिसॉर्ट नाही, 'व्ह्यू पॉइंट' नाही, मक्याची कणसं नाहीत. सोमवारी तर साधा पाव मिळायची मारामार. आणि तरी माणसं येतात, राहतात, वाइनच्या दोन बाटल्या घेतात, पैसे गावात टाकून जातात.

आपल्याकडे पर्यटन म्हटलं की आधी पार्किंग. गणपतीपुळ्याला मागच्या डिसेंबरात देवळापेक्षा गाड्यांचीच प्रदक्षिणा मोठी होती. खरं तर कोकणाचा किनारा सायकलवाल्यांनी कधीच शोधून काढलाय. थंडीत पुण्या-मुंबईहून त्यांचे तांडे उतरतात, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा एकेक खाड्या फेरीने ओलांडत. बोटीवर सायकल आडवी टाकायची, टपरीवरचा चहा घ्यायचा आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत पाय पसरायचे. हा सक्तीचा थांबाच त्या प्रवासाचा प्राण आहे. पूल झाला की तीच खाडी दोन मिनिटांत मागे पडणार आणि बाजूने ट्रक घोंगावत जाणार. हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. परिच्छेद पाडून.

त्यावर फक्त मावशीची नमस्काराची खूण आली.

आता दुसरी बाजू. ती आतेभावाने मांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती मांडली बुर्गोन्यमधल्या एका आजींनी, आणि तीही नकळत. जूनमध्ये मी तिकडे गेले होते. जिव्हरी ते क्लुनी ही १९९७ साली सुरू झालेली फ्रान्समधली पहिली व्होआ-व्हेर्त, म्हणजे मोटारींना बंद असलेली 'हिरवी वाट'. शालाँ-माकाँच्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचे रूळ उचलून तिथे गुळगुळीत डांबर घातलंय. रेल्वेचीच वाट असल्यामुळे चढ असा की कळतच नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या शारोले गाई, लांबवर द्राक्षांचे मळे, आणि दर काही किलोमीटरवर एक जुनं स्टेशन. फलाट तसाच, गाडी मात्र कधीच येणार नाही.

सँ-जँगूच्या अलीकडे मागचं चाक बसलं. सोमवार होता, हे सांगायला नकोच. मी फलाटाच्या कडेला सायकल उलटी करून ट्यूबमधला काटा शोधत बसले होते, तेव्हा शेजारच्या घरातून आजी बाहेर आल्या, हातात पाण्याचा जग. मी मार्गाचं कौतुक सुरू केलं, पाहुण्याने घरच्या स्वयंपाकाचं करावं तसं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मी इथूनच आगगाडीने शाळेत जायचे. हल्ली डॉक्टरकडे जायचं तर शेजाऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागते. सायकलवाले चांगले असतात हो, पाणी मागतात, मेर्सी म्हणतात. पण आम्ही काही सायकलमार्ग मागितला नव्हता. आम्ही आगगाडी ठेवा म्हणत होतो.

पुढे क्लुनीपर्यंत माझं लक्ष गाईंकडे नव्हतं. मनात यादीच सुरू झाली. इथली रेल्वे मेली तेव्हा हा मार्ग झाला. तिकडे दक्षिणेत कानाल-द्यु-मिदी या कालव्याच्या काठाने सायकलवाले ज्या वाटेवरून जातात ती बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट. १६८१ साली खुल्या झालेल्या त्या कालव्यावर आता मालाची बोट नाही. आणि माझी लाडकी लुआर? तिच्यावरून मीठ, दारू, स्लेटचे दगड गाबार नावाच्या शिडाच्या होड्यांतून वर चढायचे. १८४६ मध्ये आगगाडी तूरला पोचली आणि पुढच्या काही दशकांत नदी मोकळी झाली. आज बांधावर उभं राहून जे शांत, रुंद, रुपेरी पाणी आपण डोळे भरून बघतो ते बेकार झालेलं पाणी आहे. आमचे आजोबा जयगड बंदरातून आगबोटीने मुंबईला जायचे. त्या बोटीही बंद पडल्या. फरक इतकाच, की आमच्याकडे त्यानंतर रुळांचा नंबर लागलाच नाही. गुहागरच्या माणसाला कोकण रेल्वे पकडायला आजही चिपळूण गाठावं लागतं.

म्हणजे देखणा मार्ग बनवायची कृती अशी दिसते: आधी शंभर-दीडशे वर्षं भरपूर वाहतूक करा, पूल, कालवे, रूळ सगळं बांधून घ्या, श्रीमंत व्हा, मग त्यातलं जे जुनं झालं ते सायकलींना द्या. मी आतेभावाला सांगत होते की मधलं सगळं गाळ आणि थेट शेवटावर ये.

हे ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे मी "पर्यावरणाचा विचार कोण करणार?" असं लिहिलं. तो प्रश्नही खोटा नाही. खाडीतली कांदळवनं आणि कातळाचे सडे यांची काळजी पुलाच्या चित्रात कुठेच नव्हती. पण त्या वेळी मी तो प्रश्न ढालीसारखा वापरला, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक. तो जो फोटो मी टाकला होता, तो सकाळचा नव्हता आणि व्हिलाँद्रीचाही नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा, अव्होआनच्या जवळचा. अव्होआनला शिनाँचं अणुवीज केंद्र आहे, मार्गावरून चांगलं ठळक दिसतं. मी फोटोची उजवी बाजू कापली होती. इथे सगळेच कापतात, त्यात काही वाटत नाही. पण जयगडची औष्णिक प्रकल्पाची चिमणी आतेभावाच्या प्रत्येक फोटोत असते. मुलीच्या वाढदिवसाच्याही. त्याच्या अंगणातून दुसरीकडे कॅमेरा वळवायला जागाच नाही.

बाबांना त्रास झाला त्या रात्रीचा विषय मी या सगळ्या वादात एकदाही काढला नाही. आतेभावानेही काढला नाही. रात्री फेरी बंद. रत्नागिरीला जायचं तर आबलोलीवरून भातगावच्या पुलाचा वळसा, पावसाळ्यात, एकामागून एक वळणं. गाडी तो चालवत होता. मी तूरमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून फोनवरचा निळा ठिपका सरकताना बघत होते, आणि मधे रेंज गेली की ठिपका जागच्या जागी थिजायचा. बाबा त्या वेळी वाचले. पुढे तीन वर्षं मिळाली. "मामा अख्ख्या रस्त्यात खड्डे मोजत होते," एवढंच तो नंतर हसून म्हणाला होता.

ज्याला या गोष्टीवरून मला गप्प करता आलं असतं, त्याने मला पूल मोजायला सांगितले.

आता हेदवीच्या आमच्या घरात कुणी राहत नाही. महिन्यातून एकदा तो येतो, दारं उघडतो, पाखाडीवरचं रान काढतो, पाण्याच्या पंपाला दोन मिनिटं चालवून बघतो. बाबांच्या जागी सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय. गेल्या आठवड्यात त्याने एक कागद स्कॅन करून पाठवला. रस्ता रुंद व्हायचा आहे, आमच्या आगराची कडेची पट्टी जाते, नऊ पोफळी आणि विहिरीकडची रातांब्याची दोन झाडं. बाकीच्या सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या झाल्यात. माझ्या नावापुढची चौकट रिकामी आहे.

"जबरदस्ती नाही," त्याने खाली लिहिलं होतं. "तुला पटलं तरच. पण मूळ प्रत लागेल, फोटो चालणार नाही."

कागद छापून आणला. लिफाफ्यावर पत्ता लिहिताना पिनकोड आठवेना. नववीत पाठ केलेल्या कविता आठवल्या, पिनकोड नाही. त्यालाच विचारावा लागला. त्याने लगेच पाठवला, आणि मागोमाग विचारलं, मे महिन्यात येणार असशील तर तुझी जुनी सायकल दुरुस्तीला टाकू का, टायर कुजलेत पण फ्रेम चांगली आहे.

टाक म्हटलं. लिफाफा अजून उघडा आहे.