आपण नेमकी कोणती प्रत पाहिली?

१९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’चा उत्तरभाग असलेला ‘ब्लेड रनर २०४९’ हा विज्ञानपट ऑक्टोबर २०१७ मध्ये पडद्यावर आला आणि तिकीटखिडकीवर अपेक्षेइतका चालला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तो डिस्कवर आला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयीचे वाद कमी होण्याऐवजी वाढतच गेले आहेत. या वादांचे वडोदऱ्यातले रूप मला नियमित ऐकायला मिळते. दांडिया बाजारात माझ्या मामेभावाकडे (मी त्याला दादा म्हणते) रविवारी संध्याकाळी सिनेमावर बोलणारी मंडळी जमतात. इथे कनेक्टिकटमध्ये तेव्हा सकाळ असते आणि मी फोनवरून त्या बैठकीत सामील होते. अलीकडच्या एका बैठकीत याच चित्रपटावरून बरीच वादावादी झाली आणि शेवटी दादाने मला विचारले, की अमेरिकेतली माणसे अजून डिस्क कशाला जमवतात. आपल्याकडे तर प्लेअरसुद्धा कोणाच्या घरी उरलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर फोनवर उरकण्याजोगे नव्हते.

बैठकीतली सर्वांत ठळक तक्रार संथपणाची होती. चित्रपट १६३ मिनिटांचा आहे, त्यात माणसे थांबून थांबून बोलतात आणि कॅमेरा त्यांच्याहूनही सावकाश सरकतो. परंतु ही तक्रार कोण करते आहे याकडे मी लक्ष देत होते. ज्यांनी तो मोबाइलवर, झोपण्यापूर्वी थोडा थोडा करत पाहिला होता, त्यांना तो असह्य वाटला. ज्या एका सरांनी (ते फाइन आर्ट्समधून निवृत्त झालेले आहेत) तो चित्रपटगृहात पाहिला होता, त्यांना लास व्हेगासच्या नारिंगी धुळीतून नायक चालत जातो तो प्रसंग आणखी थोडा लांबला असता तरी चालले असते. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांना तेरा नामांकने रिकामी गेल्यानंतर ज्या कामासाठी पहिले ऑस्कर मिळाले ते हेच. ती धूळ, तो पाऊस, ते बर्फ हे इथे सजावट म्हणून आलेले नसून कथेचा निम्मा भाग त्यांतूनच सांगितला जातो. ते नीट दिसले नाही तर उरते ती केवळ संथ हालचाल.

येथे थोडा तांत्रिक तपशील देणे भाग आहे. घरपोच प्रवाहातून (स्ट्रीमिंगने) येणारे ४के चित्र साधारणपणे सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट माहितीत बसवलेले असते. ४के डिस्कवर हीच मर्यादा शंभराच्या वर जाते आणि एका डिस्कवर १०० गिगाबाइटपर्यंत मजकूर मावतो. ज्या चित्रात रंग हळूहळू बदलत जातात, म्हणजे धुके, धूळ, संधिप्रकाश, तिथे कमी माहितीत बसवलेल्या चित्रात पट्टे उमटतात. आवाजाचेही तसेच आहे. हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांचे संगीत घुमते आणि संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार बैठकीत दोघांनी केली; डिस्कवरचा आवाज काहीही न गाळता साठवलेला असतो, त्यामुळे कुजबुज आणि गडगडाट यांच्यातले अंतर कायम राहते खरे, पण पोळातल्या, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीतल्या, घरात रात्री अकराला तो गडगडाट शेजाऱ्यांना सोसवेल असे मुळीच नाही. म्हणून केवळ ‘चित्र चांगले दिसते’ एवढ्यासाठी डिस्कची बाजू घ्यायला मी तयार नाही. माझा मुद्दा निराळा आहे: ही मंडळी एका चित्रपटाविषयी भांडत नव्हती, चार वेगवेगळ्या प्रतींविषयी भांडत होती, आणि ते कोणाच्याच लक्षात येत नव्हते.

मूळ चित्रपटापासूनच पाहा. १९८२ च्या प्रतीत नायक डेकार्ड याचे निवेदन पार्श्वभूमीला चालू असते आणि अखेरीस तो रेचेल या कृत्रिम स्त्रीला घेऊन हिरव्या डोंगरांतून निघून जातो. ते डोंगर तर दुसऱ्याच एका चित्रपटासाठी टिपलेल्या आणि न वापरलेल्या फिल्मवरचे आहेत. १९९२ च्या प्रतीत निवेदन गेले, सुखान्त गेला आणि एकशिंगी घोड्याचे स्वप्न आले, ज्यावरून डेकार्ड स्वतःच कृत्रिम मानव असावा अशी शंका बळावते. २००७ ची शेवटची प्रत ही दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना पूर्ण मोकळीक मिळालेली एकमेव प्रत होय. आता दादाने पहिली पाहिलेली, सरांनी तिसरी, आणि उत्तरभागाने डेकार्डचे कोडे ‘मुद्दाम अर्धवट ठेवले’ की ‘प्रामाणिकपणे उघडे ठेवले’ यावर दोघे हमरीतुमरीवर आलेले. दादाच्या डेकार्डबाबत असे काही कोडेच नव्हते! २००७ साली पाच डिस्कचा एक संच निघाला, त्यात पाच वेगवेगळ्या प्रती एकत्र होत्या. तो संच ज्याने पाहिला असेल तो असा वाद पाच मिनिटांत मार्गी लावील, म्हणजे वाद संपवील असे नव्हे, तर तो योग्य जागी नेऊन ठेवील.

दुसरा गोंधळ कात्रीचा. भारतात ‘२०४९’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळूनही नग्नतेची दृश्ये कापली गेली. या चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप, आणि तो अमेरिकेतही तितक्याच हिरिरीने घेतला जातो, असा आहे की यात स्त्रिया शोभेच्या वस्तू होऊन बसल्या आहेत. उलट बाजूचे म्हणणे असे, की स्त्रीची वस्तू कशी केली जाते हेच तर हा चित्रपट दाखवतो. या वादाचा निकाल ज्या दृश्यावर अवलंबून आहे त्यात पुलावर उभ्या असलेल्या नायकाकडे वाकून एक महाकाय, विवस्त्र जाहिरात-प्रतिमा त्याला ‘जो’ म्हणते. आपल्या प्रेमिकेने (तीही त्याच कंपनीने विकलेली आभासी प्रतिमा) आपल्याला खास म्हणून दिलेले ते नाव मुळात कारखान्यातूनच आलेले असावे, हे त्याला त्या क्षणी उमगते. त्या दृश्याला जरा जरी कात्री लागली किंवा ते धूसर केले, तर आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात पुरावा उरत नाही आणि बचाव करणाऱ्यांच्याही. प्रौढ प्रेक्षकाला प्रौढ म्हणून प्रमाणपत्र द्यायचे आणि वर त्याचे डोळेही झाकायचे, या पद्धतीचे समर्थन मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

बैठकीतले सर्वांत उत्तम निरीक्षण मात्र एका काकूंचे होते, आणि ते त्यांनी तक्रार म्हणून मांडले. ‘२०४९’चा नायक, ‘के’ नावाचा कृत्रिम मानव, डेकार्ड आणि रेचेल यांच्या हरवलेल्या अपत्याचा माग काढत असतो. काकू म्हणाल्या, “तो हरवलेला मुलगा नायक नाहीच, तर मग पावणेतीन तास आम्हाला कशाला फिरवलं?” आपण सगळे ज्या हिंदी चित्रपटांवर वाढलो, त्यांत मेळ्यात हरवलेला मुलगा गळ्यातल्या ताइतावरून किंवा खांद्यावरच्या खुणेवरून सापडतोच सापडतो. इथे ताइताच्या जागी एक लाकडी घोडा आहे, त्यावर तारीख कोरलेली आहे, नायक ‘के’ याच्या आठवणीत तो घोडा लपवल्याची जागाही आहे आणि तिथे गेल्यावर घोडा खरोखर सापडतो. आपली सगळी प्रेक्षकबुद्धी म्हणते, हाच तो. आणि मग त्याला सांगितले जाते, की ती आठवण तुझी नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी आहे. कर्णाला आपण कोणाचे आहोत हे फार उशिरा कळते. या माणसाला आपण कोणाचेच नाही हे कळते, आणि तरीही तो डेकार्डला त्याच्या लेकीपर्यंत पोहोचवण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतो. काकूंना जी फसवणूक वाटली ती माझ्या मते या चित्रपटाची सर्वांत मोठी मिळकत आहे. दुसऱ्यांदा पाहताना तर आठवणी घडवणारी ॲना (तीच डेकार्डची लेक) नायकाची आठवण पाहून का रडते याचा अर्थच पालटून जातो. काकूंना तो प्रसंग पुन्हा पाहायचा होता, पण ज्या सेवेवर त्यांनी चित्रपट पाहिला होता तिथून तो दरम्यान निघून गेला होता.

‘दोन चित्रपटांच्या कथांमधल्या तीस वर्षांत काय घडले ते कळत नाही’ ही तक्रारही पुष्कळांची आहे. तिचे उत्तर तीन छोट्या पूर्वचित्रपटांत आहे. त्यांपैकी कथेतल्या २०२२ च्या महाअंधारावरचा जपानी शैलीचा ॲनिमेशनपट शिनिचिरो वातानाबे यांनी केला आहे. ते इंटरनेटवरही मिळतात, पण डिस्कवर ते मुख्य चित्रपटाच्या शेजारीच ठेवलेले असल्यामुळे पाहणाऱ्याला ते शोधावे लागत नाहीत.

आता परदेशाचे कौतुक किती करावे, याचाही विचार व्हायला हवा. इथले डिस्कप्रेमी पुष्कळदा चित्रपट सोडून डब्यावर बोलतात: पत्र्याचा डबा हवा की पुठ्ठ्याचा, आयमॅक्सची उंच चौकट डिस्कवर का दिली नाही, वगैरे. (या चित्रपटाच्या बाबतीत रुंद चौकटच आपल्याला पसंत असल्याचे स्वतः डीकिन्स यांनी सांगितले आहे, पण भक्त देवाचेही ऐकत नाहीत.) शिवाय हा व्यापार इथेही ओसरतोच आहे. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये त्यांची विक्री थांबवली. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे, की ऑनलाइन चित्रपट ‘विकत घ्या’ असे म्हणणाऱ्याने, मिळतो तो केवळ वापरपरवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे जे दादाला वडोदऱ्यात नैसर्गिक वाटते, त्याचा धसका इथल्या कायदेमंडळालाही बसलेला आहे.

इथे डिस्क अजून जिवंत आहे ती मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांमुळे. विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला वाचायला किंवा पाहायला देण्याचा हक्क अमेरिकी कायद्याने मालकाला दिलेला आहे, त्यामुळे आमच्या गावच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या पुढच्याच कपाटात चित्रपट असतात आणि ते पुस्तकासारखेच घरी नेता येतात. डिस्कवर ओरखडे असतात, एखादी मध्येच अडकते, नव्या चित्रपटासाठी नंबर लावून थांबावे लागते. तरीही एका गावातली दहा माणसे एकच प्रत पाहून एकमेकांशी बोलतात. मतभेद व्हायला आधी समान वस्तू समोर असावी लागते, आणि ती विनामूल्य असावी लागते.

ही कल्पना वडोदऱ्याने अमेरिकेकडून शिकावी असे मी म्हणत नाही, कारण वडोदऱ्याने ती एकदा शिकून, वापरून आणि पुढे नेऊन दाखवलेली आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला ज्या न्यू हेवन शहरातून बोलावून घेतले ते याच कनेक्टिकट राज्यातले. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतले पोलादी कप्पे आणि काचेच्या फरशा अमेरिकेहून आल्या, हे जुन्या बडोदेकरांना ठाऊकच आहे. परंतु त्याच ग्रंथालय खात्याची एक दृश्य-शिक्षण शाखा होती आणि ती मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवणारे यंत्र) आणि सिनेमा घेऊन खेडोपाडी फिरत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही ग्रंथालय पोहोचले पाहिजे आणि चित्रपट हा त्या कामाचा भाग आहे, असे त्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी मानले होते.

दादाचा आक्षेप होता, की आपल्या कायद्यात हे बसणार नाही. ते बसते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने व्यावसायिक भाड्याच्या व्याख्येतून ना-नफा ग्रंथालये आणि ना-नफा शिक्षणसंस्था यांना वगळले आहे. कायदेशीररीत्या घेतलेली चित्रपटाची प्रत त्यांना वाचकाला देता येते. प्लेअरचा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ साध्या ब्लू-रे डिस्क ए विभागापुरत्याच असतात आणि भारत सी विभागात, म्हणून त्या तिथल्या यंत्रावर चालत नाहीत. ४के डिस्कना मात्र असा विभाग नसतो. ग्रंथालयाने एक प्लेअर आणि एक बरा पडदा एका खोलीत ठेवला तर घरोघरी यंत्र असण्याची गरजही उरत नाही. भारतात विकायच्या डिस्कलाही सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा कात्री तिथेही येणार, हा सरांचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटला. त्यावर मी एवढेच सुचवले, की पुस्तकाच्या नोंदीत आवृत्ती लिहितात तशी चित्रपटाच्या नोंदीतही लिहावी: कोणत्या वर्षीची प्रत, किती मिनिटांची, त्यातून काय वगळले आहे.

मंडळींनी पुढच्या बैठकीपूर्वी मूळ चित्रपट एकत्र पाहायचे ठरवले आहे, पण कोणता, यावर अजून एकमत नाही. दादाला थेट २००७ ची प्रत हवी आहे, कारण तीच ‘फायनल’. सर म्हणतात, आधी १९८२ ची पाहावी. मी सरांच्या बाजूने आहे, कारण ज्या प्रेक्षकांना उत्तरभागाची ३५ वर्षे वाट पाहावी लागली, त्यांच्या मनातला डेकार्ड त्या निवेदनातूनच बोलत होता.