जायफळाची घासाघीस: डच पद्धत

पाडव्याच्या श्रीखंडाला दोन जायफळं हवीत म्हणून तुम्ही ठाण्याहून लोकलनं थेट वाशीच्या मसाला मार्केटात आला आहात. भाव ऐकून "अबब, एवढं?" म्हणू नका. एवढ्या लांब आलात, तर घासाघीस इतिहासाला धरून करा.

त्या काळी जायफळ पिकायचं ते फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर. तिथले लोक डचांशी करार करूनही इंग्रजांना माल विकायचे. आपला भाजीवाला शेजारच्या बिल्डिंगलाही मेथी देतो, तसंच. डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून मात्र तुमच्यासारखा "राहू दे" म्हणून पुढच्या दुकानात गेला नाही. १६२१ मध्ये तो गलबतं घेऊन आला. सुमारे १५,००० माणसांतली काही कापली, काही उपाशी मेली, काही गुलाम म्हणून जावाला गेली. बेटांवर उरली हजारभर. मग भाव ठरवायला एकच पक्ष शिल्लक राहिला.

घरी आलात की जायफळं चुन्यात बुडवा. गिऱ्हाइकानं किसायचं सोडून पेरलं तर काय, या धास्तीनं डच तेच करायचे. समोरच्या काकू सणासुदीला अर्धं जायफळ उसनं मागतात, त्यांचा हेतू तरी कुणी तपासलाय? एवढं करूनही १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंचानं रोपं मॉरिशसला पळवलीच. प्वाव्र म्हणजे मिरी. आडनावातच मसाला होता, डचांनी ओळखायला हवं होतं.

तुम्हीही बाल्कनीत रोप लावाल म्हणा. झाड नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षं जातात. तोवर सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल.

त्यापेक्षा पाम बीच रोडवाल्या मेहुण्याला गाठा. १६६७ च्या ब्रेडा करारात इंग्रजांनी जेमतेम तीन किलोमीटर लांबीच्या रन या जायफळाच्या बेटावरचा हक्क सोडला आणि बदल्यात मॅनहॅटन ठेवून घेतलं. तेव्हा दोन जायफळं पुढे करून त्याच्या थ्री बीएचकेचं काय ते विचारा.

दुकानदार सुई टोचून तेल दाखवेल, तुम्ही जाणकारासारखी मान हलवाल. घरी दोनातल्या एकाला बारीक भोक निघेल, किडीचं. परत करायला गलबतं घेऊनच जा. ट्रकांच्या गर्दीत नांगर टाकायला जागा तेवढी सकाळी लवकर धरा.