मायक्रो, केमिस्ट्री, फूड टेक: ‘बाटल्या धुण्याची लाइन’ वगैरे

बारावीचा निकाल लागला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, मावशीकडून, मावशीच्या जावेकडून. मजकूर थोडक्यात असा: मायक्रोबायोलॉजी, अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री आणि फूड टेक्नॉलॉजी या तिन्ही बंद गल्ल्या आहेत. जन्मभर पंधरा हजारांवर बाटल्या धुवाल. काम सगळं मशीन करतं, उरलंसुरलं एआय करेल. फूड टेक म्हणजे लोणची-पापड. पीएचडीशिवाय कोणी विचारत नाही, सरकारी भरती नाही, मुंबईतल्या कंपन्या गुजरातला गेल्या. मुलींना लग्नापर्यंत वेळ घालवायला ठीक. आणि तळाशी डेटा सायन्सच्या क्लासची लिंक.

ती लिंक पाहिली की एवढा कळवळा कुठून आला ते कळतं. पण आईबाप हे खरं मानून पोरांचे फॉर्म बदलतात, म्हणून उत्तर देते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत, तेवढ्या हक्काने.

पगारापासून सुरू करू, कारण तिथे मेसेज निम्मा खरा आहे. बीएस्सी होऊन रबाळे, महापे, तळोजा नाहीतर बोईसरला लागलेल्या पोराच्या हातात पहिली दोन-तीन वर्षं जे पडतं, त्यात घरभाडं आणि ट्रेनचा पास एकत्र बसत नाहीत. त्यात हल्ली कंत्राटदारामार्फत घ्यायची टूम निघाली आहे. याचा राग मलाही आहे. पण मेसेज लिहिणारा ही सुरुवातीची वर्षं मोजतो आणि तिथेच थांबतो. या क्षेत्रात किंमत आहे ती सहीला, आणि सहीचा अधिकार पहिल्या दिवशी कोणालाच मिळत नाही.

औषध कंपन्यांच्या जाहिराती नीट वाचा. ‘एफडीए अप्रूव्हड’ माणूस हवा असतो. कुणाला केमिकलचा, कुणाला इन्स्ट्रुमेंटचा, कुणाला मायक्रोचा. ठरावीक अनुभव झाला की कंपनी तुमचं नाव राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, पाठवते आणि मंजुरी आली की तुमची सही चालते. खासगी टेस्टिंग लॅबमध्ये हीच जागा एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त स्वाक्षरीकर्त्याची. अन्नाच्या बाबतीत ‘फूड अ‍ॅनालिस्ट’: केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक अशा विषयातली पदव्युत्तर पदवी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि वर एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, परीक्षा. नमुना हातात पडल्यापासून चौदा दिवसांत त्याला अहवाल द्यावा लागतो आणि तो अहवाल कोर्टात उभा राहतो. अशी सही असलेला माणूस नोकरी सोडतो म्हणाला की मॅनेजमेंटचा चेहरा कसा होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. पगारवाढीची बोलणी त्या दिवशी होतात, अप्रेझलला नाही.

ही सही किती जड असते, हे २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. जूनमध्ये एफएसएसएआयने मॅगीवर बंदी घातली. मुद्दा शिशाचा होता, मर्यादा २.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अडीच भाग. १३ ऑगस्टला कोर्टाने ती बंदी उठवली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नाही हे एक कारण. दुसरं कारण असं, की ज्या लॅबच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या या तपासणीसाठी रीतसर मान्यताप्राप्त नव्हत्या. नमुने पुन्हा मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासायला पाठवले गेले. तोवर हजारो टन मॅगी नष्ट झाली होती. अख्ख्या देशाला माहीत असलेलं प्रकरण शेवटी ‘तपासलं कोणी, आणि त्याला तो अधिकार होता का’ या प्रश्नावर येऊन ठेपलं.

आता मशीन. अर्धं आयुष्य मशीनसमोर गेलं, त्यामुळे इथे जरा थांबते.

एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. त्याचा ऑटोसँपलर रात्रभर एकटा नमुन्यांची इंजेक्शनं मारत बसतो, हे खरं. सकाळी आलं की क्रोमॅटोग्राम तयार, म्हणजे प्रत्येक घटकाचा एकेक उंचवटा (पीक) दाखवणारा आलेख. आमच्याकडे एकदा एका बॅचच्या मुख्य पीकच्या उतारावर बारीकसा खांदा आला होता. सॉफ्टवेअरने तो पीकमध्येच धरला. टेलिंग (पीकची लांबलेली शेपटी) २.० च्या आत, रिपीट इंजेक्शनांचा आरएसडी (निकालांतला आपसातला फरक) २ टक्क्यांच्या आत, म्हणजे कागदावर सगळं पास. नुकतीच लागलेली एक मुलगी तिथे अडली. तिने स्टँडर्डचं, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध नमुन्याचं, इंजेक्शन काढून शेजारी लावलं. त्यात खांदा नव्हता. म्हणजे दोष कॉलमचा (घटक वेगळे करणाऱ्या नळीचा) नाही, जे काही आहे ते मालातच आहे. इन्व्हेस्टिगेशन उघडलं, मोबाइल फेजचं (मशीनमधून वाहणाऱ्या द्रावणाचं) प्रमाण बदलून पाहिलं, आणि तो खांदा वेगळं पीक होऊन बाहेर पडला. बॅच होल्डवर गेली. प्रॉडक्शनवाले तिच्याशी आठवडाभर धड बोलत नव्हते.

हेच जगाच्या पातळीवर २०१८ मध्ये झालं. रक्तदाबाच्या वाल्सार्टन गोळ्यांमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असणारं द्रव्य सापडलं. नेहमीच्या शुद्धतेच्या चाचण्यांतून त्या गोळ्या पास होऊनच बाजारात आल्या होत्या; मशीनं चालू होती, पण हे द्रव्य शोधायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग मर्यादा ठरली दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एवढ्याशा गोष्टीसाठी नव्या पद्धती बसवणं, त्या व्हॅलिडेट करणं, म्हणजे भरवशाच्या आहेत हे सिद्ध करणं, हे काम अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट लोकांकडे आलं आणि कंपन्यांना अशी माणसं पुरेनात.

आणि मशीनमध्ये नमुना जायच्या आधीचं काय? वाशीच्या मार्केटमधलं शेंगदाण्याचं पोतं घ्या. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, मोजक्याच बुरशी लागलेल्या दाण्यांत एकवटलेलं असतं. वरची मूठ उचललीत तर रिपोर्ट स्वच्छ, तळातली उचललीत तर माल बाद. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात ४ मिलिग्रॅम. पोत्यात नमुना काढायची पोकळ सळई कुठे-कुठे खुपसायची, किती माल काढायचा, दळून एकजीव कसा करायचा, हे चुकलं तर पुढचं कोट्यवधींचं इन्स्ट्रुमेंट चुकीचं उत्तर अगदी अचूक देतं. एआयने खुशाल ग्राफ वाचावेत.

बाटल्यांचं म्हणाल, तर हो, धुतो. मायक्रोच्या लॅबमध्ये काचेला साबणाचा अंश राहिला तर जंतू वाढत नाहीत, प्लेट कोरी दिसते आणि दूषित माल पास होतो. म्हणून धुतलेली काचसुद्धा तपासली जाते. ज्याला हे हलकं काम वाटतं त्याला आमच्याकडे ऑटोक्लेव्हलाही (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) हात लावू देत नाहीत.

तपासणीत हयगय झाली तर काय होतं, हे मुंबईला कुणी बाहेरून सांगायची गरज नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव निघालं. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने एफडीएपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची लक्तरं काढली. दोन्ही द्रवं दिसायला सारखी: पातळ पाकासारखी, रंगहीन, चवीला गोड. फरक कळतो तो तपासणीतच.

फूड टेकला लोणची-पापड म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की दिवाळीच्या फराळाचा डबा जहाजाने अमेरिकेत पोचतो आणि चकली खवट होत नाही, हे आपोआप घडत नाही. तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू (ते खवट होऊ लागलंय का, हे सांगणारा आकडा), चकलीतली पाण्याची सक्रियता (जंतूंना वापरता येईल असं पाणी), पाकिटात भरलेला नायट्रोजन हे कुणीतरी ठरवलेलं असतं. शिवाय एफएसएसएआयच्या लायसन्सच्या अटींतच आहे, की उत्पादनावर देखरेखीला किमान एक तांत्रिक माणूस हवा: केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा आहारशास्त्रासह विज्ञानाचा पदवीधर, नाहीतर फूड टेकची पदवी वा पदविका असलेला. हा माणूस नुसता कागदावर दाखवणारे मालकही आहेत, आणि तिथे लागलेल्या पोरांचं नुकसान होतं, हेही सांगून ठेवते. शिकायचंच असेल तर माटुंग्याची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, याच शहरात आहे.

पीएचडी आणि सरकारी भरतीचे मुद्दे एका दमात संपतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल एमएस्सीवाल्यांना घेतं आणि वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर सायंटिफिक ऑफिसर करतं. आंबा किरणोत्सर्गाने प्रक्रिया करून अमेरिकेला जातो, त्यामागचं संशोधन ट्रॉम्ब्याच्या याच केंद्राचं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत फूड टेक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीची पदवी आणि केमिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी चालते. जागा कमी निघतात, वेळेवर निघत नाहीत, पण हे रडगाणं कुठल्या सरकारी खात्याचं नाही?

कंपन्या गुजरातला, हिमाचलातल्या बद्दीला गेल्या, हे खोटं नाही. गोळ्या तिकडे बनतात. पण न्हावाशेवा बंदरात उतरणारं आयात अन्न तिथेच नमुना काढून तपासावं लागतं, निर्यातीचा माल रिपोर्टशिवाय हलत नाही, आणि तुर्भे-महापेच्या टेस्टिंग लॅब रात्रपाळी चालवतात त्या हौसेने नव्हे. प्रॉडक्शनमध्येच काम करायचं असेल तर मात्र मुंबई सोडायची तयारी ठेवा, हे मी माझ्या भाच्यालाही सांगितलं.

मुलींच्या मुद्द्यावर मी चिडूनच लिहिणार. माझ्या ओळखीच्या निम्म्याहून जास्त मायक्रो लॅबच्या हेड बायका आहेत. त्यातल्या कित्येकींनी बाळ सासूकडे टाकून रविवारीही प्लेट वाचायला हजेरी लावली, कारण इन्क्युबेटरला रविवार कळत नाही. मधेच नोकरी सोडाव्या लागलेल्याही आहेत, आणि त्यांचं कारण विषय नव्हता. कंपनीची बस रात्री घरापर्यंत येत नव्हती आणि पाळणाघर नव्हतं.

तेव्हा प्रवेश घेताना मेसेज नको, कॉलेजची लॅब बघा. एचपीएलसी आहे का, हे विचारू नका. तो काचेच्या कपाटात सगळ्यांकडेच असतो. त्याचं लॉगबुक मागा. एका बॅचला किती मुलं, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) मुलं स्वतः बनवतात की शिपाई बनवून ठेवतो, शेवटच्या वर्षी किती जण कंपनीत ट्रेनिंगला जातात, हे सीनियरना गाठून विचारा. आणि लॉगबुकातली शेवटची नोंद नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) मागच्या भेटीच्या आठवड्यातली निघाली, तर फी भरायच्या आधी दुसरं कॉलेज बघा.