एकट्याच्या रेपोला बेझल कशाला?

अनेक भाषांतला कोड एकाच रेपोत (कोडच्या भांडारात) कसा मांडावा, यावरचा एक लेख वाचला. त्या लेखात पायथन, गो आणि रस्ट या भाषा एकाच रेपोत ठेवणाऱ्यांना थेट बेझल हे बिल्ड टूल (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं साधन) सुचवलंय. एकट्याच्या रेपोसाठी म्हणजे नाकापेक्षा मोती जड! काय बदललं हे कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) आणि गोचं स्वतःचं टूल आधीच ओळखतं, त्यावर आणखी एक थर कशाला? माझ्याकडे रेपोच्या मुळाशी एक मेकफाइल (मेक या बिल्ड टूलसाठीची आज्ञांची फाइल) आहे, ती फक्त त्या त्या फोल्डरचं टूल चालवते.

अर्थात मेक 1976चं, त्याच्या खोडीही जुन्याच. माझं चाचण्या चालवणारं 'टेस्ट' नावाचं टार्गेट (मेकला सांगितलेलं काम) होतं, पुढे त्याच नावाचं फोल्डर केलं. टार्गेट म्हणजे तयार करायची फाइल असं मेक धरतं, त्यामुळे त्याला वाटलं, हे तर तयारच आहे! कितीतरी दिवस एकही चाचणी चालत नव्हती आणि मी खूश. टार्गेट फोनी (फाइल नव्हे, नुसतं काम) जाहीर केल्यावर सुटलं. (मेकफाइलमध्ये आज्ञेआधी टॅब लागतो, त्याच्या जागी स्पेस पडली की होणारी बोंब वेगळीच.)

फोल्डर भाषेनुसार नको, प्रकल्पानुसार हवेत, हे लेखातलं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. माझ्या एकाच पार्सरचा (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा) रस्टमधला गाभा एका टोकाला आणि पायथनचं वेष्टन दुसऱ्या टोकाला होतं. एक बदललं की दुसरं हमखास विसरायचो. आणि टूलचेनच्या (कंपायलर वगैरे साधनांच्या) आवृत्त्या रेपोतच नोंदवून ठेवा. लेखात त्यावर एकच ओळ आहे, खरं तर निम्मा लेख त्यावरच हवा होता.