मिनिटांत रिपोर्ट? एवढं सोपं नसतं हो

प्रयोगशाळेत नमुने तपासण्यावरचा लेख छान, पण त्यातलं "नमुना मशीनमध्ये टाकला की त्यात काय आहे ते काही मिनिटांत कळतं" हे वाक्य खटकलं. मी काही वर्षं आयसीपी-एमएसवर काम केलंय, म्हणजे नमुना आर्गॉनच्या अतितप्त प्लाझ्मात सोडून त्यातली मूलद्रव्यं आयनांच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र. एकदा खारट पाण्याच्या नमुन्यात आर्सेनिक भरपूर दिसायला लागलं, आधी वाटलं बाटल्याच नीट धुतल्या नाहीत, मग ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या कोऱ्या द्रावणात) नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून बघितलं तर त्यातही तेच! म्हणजे आर्सेनिक नव्हतंच, मीठ आणि हे ॲसिड दोन्हींतला क्लोरीन घोळ घालत होता. प्लाझ्मातला आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ चिकटून ७५ वस्तुमानाचा आयन होतो, आणि आर्सेनिकचा एकमेव स्थिर समस्थानिक नेमका ७५चाच, त्यामुळे दुसरा समस्थानिक मोजून सुटका नाही. शेवटी यंत्रातल्या आयन जातात त्या सेलमध्ये (छोट्या कप्प्यात) हीलियम सोडला, असे जोडआयन आकाराने मोठे म्हणून जास्त धडकतात, दमतात आणि गाळले जातात, तेव्हा कुठे आकडा खाली आला.

बरं, तो आकडाही फक्त एकूण आर्सेनिकचा. समुद्री माशांतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात असतं, जवळपास निरुपद्रवी, अजैविक मात्र विषारी. प्लाझ्मात सगळ्याचे अणूच होतात, कुठलं रूप होतं ते कळत नाही, म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातली संयुगं सुटी करायच्या पद्धतीने) ही रूपं वेगळी करावी लागतात. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती राव!