रांगेत स्क्रीन नको, हाताला खेळ द्या
थीम पार्कमधल्या राइडच्या रांगेत टीव्ही स्क्रीन लावल्या की मुलं शांत राहतात, हे एका लेखातलं मत अजिबात पटलं नाही, अहो चार-पाच वर्षांच्या पोराला गर्दीत समोरच्याची पाठ सोडून दिसतं काय? त्यांना हात लावायला काहीतरी हवं, फिरवायची चाकं, दाबली की आवाज करणारी बटणं, तेही त्यांच्या उंचीवर आणि रांगेच्या कडेने सलग, म्हणजे पुढे सरकलं तरी खेळ तुटत नाही. एकाच जागी भारी खेळ ठेवला की पोरं तिथेच अडकतात, मागचे वैतागतात नि आईबाप ओढाओढ करत बसतात.

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये २०१२ ला डम्बो या उडत्या हत्तीच्या राइडला वेगळंच केलं होतं, घरच्यांच्या हातात नंबर आला की वाजणारा पेजर, मुलं सर्कशीच्या तंबूत खेळायला मोकळी आणि पेजर वाजला की राइडकडे जायचं. लहान मुलांसाठी हेच खरं डिझाइन, माझं ठाम मत आहे.

आणि सावली, पिण्याचं पाणी आणि मधूनच टॉयलेटला जाऊन परत आपल्या जागी येण्याची सोय, हे खेळांच्या आधी बघा प्लीज.